गर्भाशयाचा कर्करोग आणि प्रतिमाचित्रण

चेन्नईच्या वायव्येस असलेल्या अंबत्तूर येथे १९६४ साली औद्योगिक वसाहत उभारण्यात आली आणि गावाचे रूपांतर कारखान्यांच्या उपनगरात झाले. याच शहराच्या दक्षिण भागात, अड्यार येथे, डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या प्रयत्नांतून १९५४ साली कर्करोग संस्था स्थापन झाली होती. १९८०च्या दशकापासून चेन्नईत ठेवल्या गेलेल्या रोगनोंदींवरून असे दिसते, की पूर्वी स्त्रियांमध्ये अग्रस्थानी असलेला गर्भाशयमुखाचा कर्करोग हळूहळू मागे पडला. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग मात्र याहून वेगळा आहे. त्याचा संबंध स्थूलता, मधुमेह आणि इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे आधिक्य यांच्याशी आहे. अंबत्तूरसारख्या उपनगरांतील बदलत्या राहणीमुळे स्थूलता व मधुमेह यांना वाव मिळतो. म्हणून या रोगाची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

सुदैवाने हा रोग बहुधा लवकर सूचना देतो. ऋतुनिवृत्तीनंतर होणारा रक्तस्राव, मग तो कितीही अल्प असो, ही ती सूचना होय. अशा वेळी प्रथम योनिमार्गे सोनोग्राफी करतात. कानांना ऐकू न येणारे ध्वनितरंग ऊतकांवरून परावर्तित होतात व त्यांपासून अस्तराची जाडी मोजता येते. ती ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असल्यास कर्करोगाचा संभव अत्यंत अल्प असतो. जाडी अधिक असल्यास, अथवा रक्तस्राव पुनःपुन्हा होत राहिल्यास, अस्तराचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. निदान होते ते या तपासणीने. केवळ चित्राने नव्हे.

निदानानंतर दुसरा प्रश्न उभा राहतो : रोग गर्भाशयाच्या स्नायुभित्तीत किती खोल गेला आहे? भित्तीच्या निम्म्याहून कमी जाडीपर्यंत तो गेला असेल, तर लसीका ग्रंथींत पसरण्याची शक्यता कमी असते; निम्म्याची सीमा ओलांडल्यास ती वाढते. येथे एमआरआय उपयोगी पडते. या यंत्रात प्रबळ चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओ-तरंग यांच्या साहाय्याने शरीरातील हायड्रोजन-अणुकेंद्रांकडून संकेत मिळवितात. दाटीवाटीने वाढलेल्या कर्कपेशींमध्ये पाण्याच्या रेणूंच्या हालचालीला अडथळा होतो; नव्या पद्धतीत हा अडथळाच उजळ ठिपक्याच्या रूपाने उमटतो. त्यावरून शस्त्रक्रियेचा विस्तार आधीच ठरविता येतो. अपत्याची इच्छा असलेल्या तरुण स्त्रीच्या बाबतीत, सौम्य प्रकारचा रोग अस्तरापुरताच असेल तर गर्भाशय राखून संप्रेरकोपचार करता येतील काय, याचा निर्णयही बव्हंशी याच चित्रावर अवलंबून असतो.

तथापि या साधनाला मर्यादा आहेत. गर्भाशयातील गाठींमुळे चित्र फसवे ठरू शकते. ग्रंथींतील अतिसूक्ष्म प्रसार दिसत नाही. २०२३ साली सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तर पेशींचा प्रकार व त्यांतील जनुकीय बदल यांनाही स्थान देण्यात आले आहे.

यंत्र कितीही सूक्ष्मदर्शी झाले, तरी त्याचे कार्य स्त्री दवाखान्यात आल्यावरच सुरू होते. वयाचा दोष समजून किंवा संकोचापोटी लपविलेला रक्तस्राव कोणत्याही चित्रात उमटत नाही.