रिकिबीतून (लेखांक ७) : उडीआधीची ढांग

मूल-सिंदेवाहीकडच्या शेतकऱ्याने कुंपणावरून झेपावणारा रोही पाहिलेला असतो. धावता धावता तो शेवटच्या ढांगा आखडतो किंवा लांबवतो आणि नेमक्या जागेवरून उसळतो. घोड्यालाही हे उपजत येतं. पाठीवर माणूस बसला की मात्र बिघडतं, कारण उडी आपणच मारतोय असं त्या माणसाला वाटू लागतं.

आधी हिशेब. उडीच्या मैदानावर घोडा कँटरने, म्हणजे तीन ठोक्यांच्या चालीने येतो. उंचपुऱ्या घोड्याची एक ढांग साधारण १२ फूट धरतात. आडकाठीच्या सुमारे ६ फूट अलीकडून तो उडी घेतो आणि पलीकडे जवळपास तितक्याच अंतरावर उतरतो. म्हणून दोन आडकाठ्यांत २४ फूट असतील तर मध्ये एक ढांग बसते, ३६ फुटांत दोन, ६० फुटांत चार. स्पर्धेआधी स्वार मैदानात पायी फिरताना दिसतात ते हेच मोजत असतात. तीन फुटांचं पाऊल टाकायची त्यांनी सवय केलेली असते. अशी चार पावलं म्हणजे घोड्याची एक ढांग.

पहिल्या आडकाठीपर्यंत मात्र असं मोजलेलं काही हाताशी नसतं. तिथे अंतर नजरेनेच जोखावं लागतं. घोडा फार जवळ गेला तर पुढचे पाय दुमडायला जागा उरत नाही. फार लांबून झेपावला तर खाली येताना मागचे खूर बल्लीला लागतात. बल्ली पडली की ४ दंडगुण. घोडा पहिल्यांदा अडला तरी चारच, पण आंतरराष्ट्रीय नियमांत दुसऱ्यांदा अडला की स्वार बाद.

नवशिक्याला अंतर दिसेनासं झालं की तो घाबरतो आणि शेवटच्या दोन-तीन ढांगांत टाच मारतो किंवा लगाम खेचतो. माझ्या मते बहुतेक वाईट उड्या कच्च्या नजरेमुळे नव्हे, या चुळबुळीमुळे होतात. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, नाकाच्या अगदी पुढ्यातलं त्याला दिसत नाही. आडकाठी जोखायला त्याला मान हलवायची मोकळीक लागते, आणि आपण नेमकी तीच हिरावून घेतो. इटलीच्या घोडदळातल्या फेदेरिको काप्रिली (१८६८–१९०७) या अधिकाऱ्याने हे ओळखलं. तोवर स्वार उडीवर मागे रेलून लगाम ताणत. त्याने स्वाराला पुढे झुकवलं आणि घोड्याची मान सोडवली. आजची उडीतली बैठक त्याचीच.

आपल्याकडे तापीकाठच्या सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याची पारख रवाल चालीवर आणि डौलावर होते, उडी कुणी विचारत नाही. त्यामुळे ही नजर परंपरेने मिळेल अशी आशा नको, सरावच हवा.

जमिनीवर एकच बल्ली ठेवा. उडी नाहीच, नुसतं त्यावरून कँटरने जायचं. तीन ढांगा उरल्या असं वाटलं की मोठ्याने ‘तीन’ म्हणा, मग ‘दोन’, ‘एक’. बरेच दिवस चुकेल. चुकू द्या, फक्त लय बदलू नका. मग ६० फुटांवर दुसरी बल्ली ठेवा. आधी चार ढांगांत जा, नंतर चाल आखडून पाच ढांगांत, पुन्हा चारमध्ये. ढांगेत बदल करायचाच तर तो वळणावर, लांबूनच करता आला पाहिजे, हे यात हाताला कळतं.

बारा फूट ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही. पावसाने चिकट झालेल्या कन्हार जमिनीवर ढांग आखडते, चढावरही आखडते, तबेल्याकडे तोंड असलं की आपसूक लांबते. आपल्या भागात मिळणाऱ्या बुटक्या घोड्याची मुळातच कमी भरते. तेव्हा आपल्या घोड्याचं माप आपणच घ्यावं. भुसभुशीत जमीन सारखी करून त्यावरून एकदा कँटर करा, मग उतरून एकाच खुराच्या लागोपाठच्या दोन ठशांमधलं अंतर टेपने मोजा. सरळ रेषेतले मधले ठसे घ्या, वळणावरचे नकोत.