इंडियन स्पिट्झ : ओळख आणि निगा

इंडियन स्पिट्झ हा भारतातच घडलेला, झुपकेदार शेपटीचा छोटा घरगुती कुत्रा. गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरीकडच्या घरांत ज्या पांढऱ्या कुत्र्याला ‘पॉमेरियन’ म्हणतात, तो बहुधा हाच असतो. खरा पॉमेरियन आकाराने बराच लहान. त्याचे वजन जेमतेम २ ते ३.५ किलो, तोंड आखूड आणि डोके गोलसर. स्पिट्झचा लहान प्रकार ५ ते ७ किलोंचा, तर मोठा १२ ते २० किलोंपर्यंत भरतो. तोंड कोल्ह्यासारखे निमुळते आणि कान ताठ. जर्मन भाषेत ‘स्पिट्झ’ म्हणजे टोकदार. नाव त्यावरूनच पडले.

ब्रिटिश अमदानीत युरोपातून आलेल्या स्पिट्झ कुत्र्यांमधून इथला उन्हाळा सोसणारी पिल्ले निवडत हा वाण तयार झाला. पुढे १९८० आणि १९९०च्या दशकांत तो मध्यमवर्गीय घरांत पसरला. १९९४ साली आलेल्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातल्या टफी या कुत्र्याने तर त्याला घरोघरी पोहोचवले.

हा कुत्रा हुशार, माणसांत रमणारा आणि कमालीचा सावध असतो. फाटकाची कडी वाजली तरी तो भुंकतो. लहानपणी शिकवले नाही, तर हे भुंकणे सवयीचे होते. म्हणून पिल्लाची पहिल्या ३-४ महिन्यांत पाहुणे, मुले, गाड्या आणि भांड्यांचे आवाज यांच्याशी ओळख करून द्यावी. चांगली निगा राखली तर तो १० ते १४ वर्षे सोबत करतो.

त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात : आत लोकरीसारखा मऊ आणि बाहेर लांब, सरळ केसांचा. उन्हाळा लागला की कुत्रा भादरून घेण्याचा प्रघात आहे. पण तो घातक ठरतो. बाहेरचा थर उन्हाची झळ कातडीपर्यंत पोहोचू देत नाही. तो काढला तर कातडी भाजते आणि केस पुन्हा नीट येतीलच असे नाही. त्याऐवजी आठवड्यातून २-३ वेळा मुळापर्यंत विंचरून आतले सुटलेले केस काढावेत, म्हणजे वारा खेळतो.

गोंदियात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापताना उडणाऱ्या वाफेने तो मुख्यतः थंड होतो. म्हणून नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत त्याला पहाटे आणि दिवेलागणीनंतरच फिरवावे. हाताची पालथी बाजू रस्त्यावर ५ सेकंद टेकवता आली नाही, तर तो रस्ता त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. कूलर चालू असताना खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली नुसती दमट होते आणि धापण्याचा उपयोग उरत नाही.

निरोगी कुत्र्याच्या अंगाचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०५ च्या वर गेले, हिरड्या लालभडक झाल्या आणि तोल जाऊ लागला, की उष्माघात समजावा. पोटावर, मांड्यांवर पाणी ओतून पंखा लावावा आणि लगेच पशुवैद्यकाकडे न्यावे. गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी तापलेले असते. विहिरीचे किंवा माठातले घ्यावे.

पावसाळ्यात धोका गोचिडांचा. दाट केसांत ते दिसत नाहीत, बोटांना लागतात. केसांच्या उलट दिशेने बोटे फिरवत कानाच्या आत, पट्ट्याखाली आणि पंजांच्या बेचक्यांत रोज चाचपावे. रक्त पिऊन फुगलेली मादी एरंडाच्या बीसारखी दिसते. ती चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. अंडी ती भिंतींच्या भेगांत घालते, म्हणून घराचीही फवारणी लागते. ताप, सुस्ती, फिकट हिरड्या, नाकातून रक्त ही गोचीड-तापाची लक्षणे आहेत. रक्त तपासून वेळेत औषध दिले तर कुत्रा बरा होतो. मोठ्या तपासण्यांसाठी १९५८ पासूनचे नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय गोंदियाहून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवर आहे.

धानाच्या गोंदिया जिल्ह्यात कुत्र्यालाही भातच वाढला जातो. भात चालतो, पण पोटभर भात आणि चमचाभर वरण हा पुरेसा आहार नव्हे. उकडलेले अंडे किंवा बिनमसाल्याचे चिकन रोज हवे. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षे आणि चॉकलेट त्याला विषारी आहेत. दिवाळीच्या फराळातली चिवड्याची, मनुकांची वाटी त्याच्या तोंडापासून दूर ठेवावी. तापावरची माणसांची गोळीही कधी देऊ नये.

पिल्लाला ६ ते ८ आठवड्यांचे असताना पहिली लस, मग ३-४ आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस, आणि ३ महिन्यांनंतर रेबीजची लस द्यावी. पुढच्या लसी पशुवैद्यकाने ठरवलेल्या वेळी चुकवू नयेत. स्पिट्झची श्वासनलिका नाजूक असल्याने फिरवताना गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा पट्टा वापरावा.

फटाक्यांच्या रात्री त्याला आतल्या खोलीत, खिडक्या लावून, घरच्या माणसाजवळ ठेवावे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांत तर त्याला रात्री अंगणात बांधूच नये. बिबट्याला एवढे सोपे भक्ष्य दुसरे नाही.

साधारण ८ वर्षांनंतर दात खराब होतात, डोळ्यांत मोतीबिंदू उतरू शकतो. नजर गेली तरी तो वासावर आणि आठवणीवर घरभर फिरतो. म्हणून पाण्याचे भांडे, अंथरूण आणि खाट यांच्या जागा शेवटपर्यंत बदलू नयेत.