ब्राउझर घणसोलीचा, इंजिन कुणाचं?

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय माहिती-तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव यांनी कार्यालयीन कामासाठी आपण झोहोचं स्वदेशी सॉफ्टवेअर वापरू लागल्याचं जाहीर केलं, आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर ‘हे काढा, ते टाका’ छापाच्या याद्यांना ऊत आला. ब्राउझरच्या रकान्यात एक वाक्य हमखास असतं: ‘क्रोम काढा, भारतीय ब्राउझर टाका, म्हणजे गूगलकडे काहीच जाणार नाही.’ नेरुळपासून ऐरोलीपर्यंत हे वाक्य इतक्या ठामपणे पुढे ढकललं जातं की, त्यात दोन वेगवेगळे गैरसमज एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेत हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

पहिला गैरसमज असा की, भारतीय ब्राउझर म्हणजे पहिल्या ओळीपासून इथे लिहिलेला ब्राउझर.

तो दूर करायला नवी मुंबईकरांना लांब जायची गरज नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या घणसोलीच्या रिलायन्स कॉर्पोरेट पार्कमधून जिओचा कारभार चालतो. या जिओने ऑक्टोबर २०२० मध्ये ‘जिओपेजेस’ हा ब्राउझर आणला. पुढे त्याचं नाव ‘जिओस्फिअर’ झालं. मराठीसह आठ भारतीय भाषांची सोय त्यात होती, आणि आणतानाच कंपनीने सांगितलं होतं की तो क्रोमियमच्या ब्लिंक इंजिनावर, म्हणजे वेबपानं पडद्यावर उभी करणाऱ्या यंत्रणेवर, बांधलेला आहे. चेन्नईच्या झोहोने मे २०२३ मध्ये आणलेला ‘उला’ही क्रोमियमवरच. बेंगळुरूचा ‘एपिक’ २०१० मध्ये फायरफॉक्सच्या पायावर सुरू झाला आणि २०१३ मध्ये तोही क्रोमियमवर आला. यांतल्या कुणीही ही गोष्ट लपवलेली नाही. लपवाछपवी झालीच असेल तर ती निरोप पुढे ढकलणाऱ्यांच्या उत्साहात.

क्रोमियम म्हणजे क्रोमच्या पोटातला खुला, कुणालाही फुकट उचलता येणारा कोड. कळंबोलीला रांगेने उभ्या असलेल्या ट्रकांची चासी एका कंपनीची आणि वरची बॉडी कुठल्या तरी गॅरेजात बांधलेली असते, तसाच हा मामला आहे. एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी, सॅमसंग इंटरनेट या सगळ्यांची चासी हीच. वेगळं इंजिन पाहिजे असेल तर रोजच्या वापरात दोनच ठळक नावं उरतात: फायरफॉक्सचं गेको आणि सफारीचं वेबकिट.

बरं, हे ‘गूगलचं’ इंजिन तरी पूर्ण गूगलचं कुठे आहे? १९९८ च्या सुमारास केडीई या स्वयंसेवी प्रकल्पातल्या मंडळींनी लिनक्ससाठी केएचटीएमएल नावाचं इंजिन लिहायला घेतलं. अ‍ॅपलने ते उचलून त्याचं वेबकिट केलं आणि जानेवारी २००३ मध्ये सफारी दाखवला. गूगलने सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आणला तो याच वेबकिटवर, आणि एप्रिल २०१३ मध्ये त्याची वेगळी चूल मांडून तिला ब्लिंक नाव दिलं. आज त्या कोडमध्ये मायक्रोसॉफ्टचीही भर पडते आणि सॅमसंगचीही. मात्र दिशा ठरवण्यात गूगलचा शब्द वजनदार आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मग भारतीय कंपन्यांनी स्वतःचं इंजिन का लिहिलं नाही, असा सवाल आता छाती पुढे काढून विचारला जातो. मायक्रोसॉफ्टचं उदाहरण पाहावं. पैसा, माणसं, विंडोजची मक्तेदारी, सगळं हाताशी असलेल्या या कंपनीने डिसेंबर २०१८ मध्ये आपलं एजएचटीएमएल इंजिन सोडत असल्याचं सांगितलं आणि १५ जानेवारी २०२० ला क्रोमियमवरचा एज बाजारात आणला. ऑपेराने प्रेस्टो नावाचं आपलं इंजिन २०१३ मध्येच सोडलं होतं. वेबपानं दाखवण्याचे नियम इतके अफाट वाढले आहेत की, नवं इंजिन लिहून ते बँकेच्या साइटपासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत सगळीकडे चालवणं हा वर्षानुवर्षांचा खर्च आहे. लेडीबर्ड नावाचा एक ना-नफा प्रकल्प सध्या हे धाडस करतो आहे, आणि त्याचं कौतुक होतं ते त्यामुळेच.

आता दुसरा गैरसमज. पहिला दूर केला की माणसं सरळ उलट्या टोकाला जातात: ‘म्हणजे सगळे क्रोमच की! मग काय फरक पडतो?’ फरक पडतो. इंजिन फक्त पान रंगवतं. तुमची शोधपट्टी कुणाकडे बोलते, इतिहास कुठे साठतो, माग काढणाऱ्या स्क्रिप्ट अडवल्या जातात की नाही, हे बॉडी बांधणारा ठरवतो. क्रोमियमवरचे बरेच ब्राउझर गूगलच्या सेवा काढून टाकतात किंवा बंद ठेवतात.

पण याचा अर्थ ‘गूगलकडे काहीच जाणार नाही’ असा होत नाही. उला काय किंवा ब्रेव्ह काय, त्यात जीमेल उघडलं की गूगलला तुम्ही कोण ते कळतंच. यूट्यूब पाहिलं तरी तेच. आणि असंख्य मराठी बातम्यांच्या आणि खरेदीच्या साइट स्वतःच गूगलची मोजणी आणि जाहिराती पानात बसवतात. ती गळती ब्राउझरातून होत नाही, पानातून होते. चांगला ब्राउझर ती अडवू शकतो, पण कुठल्या देशात बनला म्हणून नव्हे, अडवण्याची सोय आहे म्हणून.

बॉडी बांधणाऱ्याचं महत्त्व कळायला यूसी ब्राउझरची आठवण पुरे. स्वस्त अँड्रॉइड फोनांच्या काळात तो भारतात घरोघरी होता. कमी डेटा खातो म्हणून लोक खूश होते. मे २०१५ मध्ये टोरांटोच्या सिटिझन लॅब या संशोधन गटाने अहवाल दिला की, या अ‍ॅपमधून शोधलेले शब्द कूटबद्ध न करताच पाठवले जात होते, म्हणजे वाटेत बसलेला कुणीही ते वाचू शकत होता. २९ जून २०२० ला भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅपांमध्ये यूसी होता.

म्हणूनच रोजच्या वापरासाठी ब्राउझर निवडताना पहिला प्रश्न वेगाचा नसावा. तो असावा दुरुस्तीचा. क्रोम ऑगस्ट २०२३ पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या दर आठवड्याला देतो. भोक बुजवलं की ते कुठे होतं हे जगाला कळतं, कारण कोड खुला आहे. त्या कोडवर आपला ब्राउझर बांधणारी कंपनी तीच दुरुस्ती दोन दिवसांत देते की दोन महिन्यांत, यावर सगळं अवलंबून आहे. हे तपासणं अवघड नाही. बऱ्याच ब्राउझरांच्या ‘अबाउट’ पानावर क्रोमियमचा आवृत्ती क्रमांक असतो. तो क्रोमच्या चालू क्रमांकापेक्षा बराच मागे असेल, तर ब्राउझर घणसोलीचा असो की कॅलिफोर्नियाचा, त्यात नेटबँकिंग करू नये.

दुसरा प्रश्न पैशाचा. ब्राउझर फुकट मिळतो, तर कंपनी जगते कशावर? अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ ला गूगलला सर्च बाजारातला मक्तेदार ठरवलं. त्या निकालात आलं की, शोधपट्टीवर आपलंच नाव राहावं म्हणून गूगलने एकट्या २०२१ मध्ये २६.३ अब्ज डॉलर वाटले. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची बहुतांश मिळकतही गूगलबरोबरच्या अशाच करारातून येते. गूगलला पर्याय म्हणून मिरवणारा ब्राउझर गूगलच्याच पैशावर उभा आहे. ‘गूगलमुक्त’ हा शब्द सांभाळून वापरलेला बरा. तरीही जाहिराती आणि माग अडवण्यात फायरफॉक्स आजही उजवा ठरतो. क्रोमने विस्तारांचे, म्हणजे एक्स्टेन्शनचे, नियम बदलल्यावर यूब्लॉक ओरिजिन हा जाहिराती अडवणारा लोकप्रिय विस्तार त्यात चालेनासा झाला, फायरफॉक्समध्ये तो पूर्ण ताकदीने चालतो, आणि अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्येही टाकता येतो.

स्वदेशीच्या बाजूने एक खरा, वजनदार मुद्दा आहे आणि गंमत म्हणजे पुढे ढकललेल्या निरोपांत तो कधीच नसतो. कुठली साइट अस्सल, हे ब्राउझर प्रमाणपत्रांवरून ठरवतो आणि प्रमाणपत्र देणाऱ्या विश्वासू संस्थांची यादी ब्राउझर कंपन्यांकडे किंवा ऑपरेटिंग सिस्टिमकडे असते. जुलै २०१४ मध्ये आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, प्रमाणपत्र यंत्रणेतून गूगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं गूगलने उघडकीला आणलं. एनआयसीची ती प्रमाणपत्रं रद्द झाली आणि क्रोमने भारतीय यंत्रणेवरचा विश्वास साइटच्या मोजक्या नावांपुरता मर्यादित केला. चूक आपल्याकडची होती, पण दार उघडायचं की लावायचं हे बाहेरच्यांच्या हाती आहे, हेही त्यात दिसलं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने ३.४१ कोटी रुपयांची भारतीय ब्राउझर स्पर्धा जाहीर केली, तेव्हा ब्राउझरात भारताच्या प्रमाणन नियंत्रकाचं मूळ प्रमाणपत्र असलेली स्वतःची यादी असावी, ही अट त्यात होती. २० मार्च २०२५ ला निकाल लागला. झोहोला पहिलं, १ कोटीचं बक्षीस मिळालं. म्हणजे या खटाटोपातला एक मोठा प्रश्न असा होता: कुणाच्या सहीवर विश्वास ठेवायचा हे कोण ठरवणार? त्याचं उत्तर अजून पुरतं मिळालेलं नाही.

क्रोम सगळ्यांत चांगला म्हणूनच सगळ्यांकडे आहे, हा समजही अर्धाच खरा. अँड्रॉइड फोनबरोबर तो आधीच येतो. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ ला गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, तेव्हा अ‍ॅप स्टोअरमधल्या वर्चस्वाचा उपयोग ब्राउझरच्या बाजारात क्रोमला पुढे करायला केल्याचा ठपकाही त्यात होता. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये काही निर्देश रद्द केले, दंड मात्र कायम ठेवला.

बाकीच्या समजुती थोडक्यात उरकता येतील.

इन्कॉग्निटो लावला की कुणाला दिसत नाही: दिसतं. महापेच्या कंपनीतल्या वाय-फायला दिसतं, इंटरनेट पुरवणाऱ्याला दिसतं, साइटला तर दिसतंच. फक्त घरच्यांना त्या संगणकावर इतिहास सापडत नाही. याच मुद्द्यावर अमेरिकेत २०२० पासून चाललेल्या खटल्यात गूगलने साठवलेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं २०२४ मध्ये मान्य केलं.

कुलूप दिसतं, म्हणजे साइट खरी: कुलूप एवढंच सांगतं की वाटेत कुणी वाचत नाही. ठगांच्या साइटवरही ते असतं. हा घोळ इतका पसरला की क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये पत्त्याशेजारचं कुलूपच काढून टाकलं.

आयफोनवर क्रोम टाकला की इंजिन बदलतं: सीवूड्सच्या मॉलमधून घेतलेल्या आयफोनवर कुठलाही ब्राउझर टाका, आत वेबकिटच असतं. अ‍ॅपलचा नियमच तसा आहे. युरोपीय संघात मार्च २०२४ पासून तो सैल झाला, भारतात नाही.

‘क्रोम वापरू नका, सरकारचा इशारा’ ही बातमी: सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेची मूळ सूचना वाचली तर त्यात क्रोम अद्ययावत करा, असं असतं. काढून टाका, असं नसतं. मथळा देणाऱ्याने ती वाचलेली नसते.

अमुक ब्राउझरात मराठी चांगली दिसते: क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींत जोडाक्षरं जुळवण्याचं काम हार्फबझ हीच खुली लायब्ररी करते. अक्षर वाईट दिसत असेल तर फॉन्ट पाहावा. ही समजूत आली मात्र खऱ्या अनुभवातून. २००० च्या दशकात बऱ्याच मराठी वृत्तपत्रांच्या साइट युनिकोडमध्ये नव्हत्या. त्यांचे फॉन्ट इंटरनेट एक्सप्लोररमध्येच उतरत, आणि फायरफॉक्सवाल्यांना ‘पद्मा’ नावाचा विस्तार टाकून मजकूर वाचण्याजोगा करून घ्यावा लागे.

सरकारी साइट एक्सप्लोररमध्येच चालतात: एके काळी ई-निविदा आणि डिजिटल सहीच्या साइटसाठी हे खरं होतं. मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला एक्सप्लोरर बंद केला. वाशीच्या एखाद्या दुकानात आजही त्याची जुनी सेटअप फाइल कुणी पेन ड्राइव्हवर देऊ केली तर घेऊ नये. एखादी हट्टी जुनी साइट अडलीच, तर एजमध्ये ‘आयई मोड’ आहे आणि तो किमान २०२९ पर्यंत चालू ठेवू, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे.