नोकरी, ध्यास आणि नागझिरा

साकोलीहून पिटेझरीच्या फाटकातून आत शिरलं की नागझिरा लागतं. १९७० साली या जंगलाला अभयारण्याचा दर्जा मिळाला, तेव्हा गोंदिया वेगळा जिल्हा नव्हता. नागझिरा आणि नवेगावबांध ही दोन्ही रानं भंडारा जिल्ह्यातच होती. १९९९ च्या महाराष्ट्र दिनी जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि रानाचा बराचसा भाग गोंदियाकडे गेला. पण साकोलीच्या बाजूची वाट अजूनही भंडाऱ्याचीच आहे.

गेल्या पन्नासेक वर्षांत या रानांनी तीन मराठी लेखकांना ओढून आणलं: मारुती चितमपल्ली, व्यंकटेश माडगूळकर आणि किरण पुरंदरे. तिघांची वयं वेगळी, गावं वेगळी, स्वभाव वेगळे. प्रश्न मात्र तिघांपुढे एकच होता. पोटापाण्याचं काम आणि जिवाचा ध्यास यांचा मेळ कसा घालायचा? तिघांनी त्याची तीन वेगळी उत्तरं दिली. मन रमत नसलेल्या नोकरीत अडकलेल्या कुणालाही ही उत्तरं आज उपयोगी पडतील, म्हणून हा मागोवा.

आधी आपल्या जिल्ह्यात नोकरी म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवं. भंडारा हा धानाचा जिल्हा. मृग बरसला नाही की पऱ्हे वाळतात, रोवणी लांबते आणि वर्षभराचं गणित बिघडतं. मामा तलाव आणि बोड्या आहेत, म्हणून अनेक गावांचं भागतं. उरलेल्या महिन्यांत मोहफूल, तेंदूपत्ता, विड्या वळणं, नाहीतर नागपूर-पुण्याची वाट. अशा घरातला एखादा मुलगा जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत लागतो, वरठीच्या पोलाद कारखान्यात किंवा तुमसरकडच्या मँगनीज खाणीत कायम होतो, एखादी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, तेव्हा साऱ्या घराला पहिल्यांदा पावसाची धास्ती न धरता झोप लागते. लग्न जुळतं, आईच्या औषधांची सोय होते, धाकट्याचं शिक्षण होतं. त्यामुळे ‘मन मारून नोकरी करू नका, सोडा आणि मनासारखं जगा’ हा उपदेश इथल्या माणसाला जसाच्या तसा देणं अन्यायाचं आहे. पण मन मारून काढलेल्या तीस वर्षांचीही किंमत असते. ती पगारपत्रकात दिसत नाही, घरातल्या माणसांना मात्र रोज दिसते. या दोन सत्यांच्या मधूनच वाट काढावी लागते.

पहिली वाट चितमपल्लींची. त्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ चा, सोलापूरचा. घरची भाषा तेलुगू. कोइम्बतूरच्या वनमहाविद्यालयात शिकून ते वनखात्यात दाखल झाले. वनाधिकाऱ्याची नोकरी म्हटली की आपल्याला रान आठवतं. प्रत्यक्षात तिच्यात लाकडाचे हिशेब, कूपांची आखणी, अतिक्रमणं, पंचनामे, अहवाल आणि बदल्या असतात. त्या कामात आयुष्य घालवून एकाही पाखराचं नाव न कळता निवृत्त होणं सहज शक्य होतं. चितमपल्लींनी नोकरी सोडली नाही. खात्याने नेमून दिलेल्या कामाच्या पलीकडे त्यांनी स्वतःसाठी दुसरं काम नेमून घेतलं. ते संस्कृत शिकले, जुन्या ग्रंथांतले पशुपक्ष्यांचे उल्लेख धुंडाळले, आदिवासींकडून आणि पारध्यांकडून झाडाझुडपांची नावं व पाखरांच्या सवयी टिपून घेतल्या, रोजनिशी ठेवली.

नवेगावबांधला त्यांना हे सगळं एका जागी मिळालं. तो विस्तीर्ण तलाव कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधल्याचं लोक सांगतात. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी तिथे उतरतात. काठाला ढिवर आणि गोंड यांच्या पिढ्यांचं शहाणपण होतं, माधवराव पाटील डोंगरवारांसारखे रानाचे जाणकार होते. १९७५ मध्ये नवेगावला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्या मुक्कामावर चितमपल्लींनी पुढे ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक लिहिलं. ‘पक्षी जाय दिगंतरा’ हे त्यांचं पुस्तक आलं तेव्हा ते पन्नाशीला पोचले होते. १९९० मध्ये ते निवृत्त झाले, आणि बाकीचे लोक विसाव्याचा विचार करतात त्या वयात त्यांचं मोठं काम पुढे आलं. ‘रानवाटा’, ‘रातवा’, ‘चकवाचांदण’ हे आत्मचरित्र, ‘पक्षिकोश’ ही सगळी पुस्तकं निवृत्तीनंतरची आहेत. २००६ मध्ये ते सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, सोलापुरातच त्यांनी देह ठेवला.

ज्याला नोकरी सोडणं शक्य नाही, त्याच्यासाठी ही वाट आहे. मात्र ती सोपी समजू नये. दिवसभर खात्याचं काम करून रात्री कंदिलाजवळ टिपणं लिहायला बसणं, आणि हे वर्षानुवर्षं कुणीही शाबासकी देत नसताना करणं, याला राजीनाम्याइतकंच धैर्य लागतं.

दुसरी वाट व्यंकटेश माडगूळकरांची. माणदेशातल्या माडगूळ्यात १९२७ साली त्यांचा जन्म झाला. शाळा अर्धवट सुटली. चित्रकला आणि वाचन त्यांनी आपल्या आपण कमावलं. ‘बनगरवाडी’ने नाव झालं तरी केवळ लेखणीवर घर चालत नव्हतं. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांचं काम त्यांनी कित्येक वर्षं केलं. तारुण्यात हाती बंदूक घेतलेला हा माणूस पुढे दुर्बीण आणि चित्रवही घेऊन रानात बसू लागला. ओढीने तो थेट नागझिऱ्यापर्यंत आला, मुक्काम ठोकून राहिला आणि त्यातून ‘नागझिरा’ हे छोटेखानी पुस्तक झालं. आजही या रानात पहिल्यांदा येणारे कितीतरी वाचक ते पुस्तक वाचूनच आलेले असतात.

माडगूळकरांची वाट मुक्कामाची आहे. नोकरी चालू ठेवायची, पण वर्षातला काही काळ पूर्णपणे ध्यासाचा. त्या काळात फाइल नाही, भेटीगाठी नाहीत, घरचे समारंभ नाहीत. आपल्यापैकी बहुतेकांना रजा मिळते; ती लग्नं, बारशी, घरदुरुस्ती यांत विरून जाते. रजेचे दिवस एखाद्या कामासाठी राखून ठेवणारा माणूस विरळा. माडगूळकरांनी ते केलं आणि मराठीला एक जंगल मिळालं.

तिसरी वाट सर्वांत कठीण. ती किरण पुरंदरे यांची. पुण्याच्या पक्षिनिरीक्षकांत ‘किका’ या नावाने ते परिचित. पाखरांचे आवाज हुबेहूब काढण्यात त्यांचा हातखंडा आहे. मुठेकाठच्या पाखरांवर, पाणथळीतल्या पाखरांवर त्यांनी मुलांना आणि मोठ्यांना कळेल असं लिहिलं. मग घरदार मागे ठेवून ते नागझिऱ्यात आले आणि तब्बल ४०० दिवस राहिले. ज्या रानातल्या पर्यटकनिवासापर्यंत वीजही पोचलेली नव्हती, तिथे त्यांनी तिन्ही ऋतू पाहिले. उन्हाळ्यात पाणवठ्यावर तासन्‌तास बसले, पावसाळ्यात वाटा बंद झाल्यावरही राहिले. त्या मुक्कामाचं पुस्तक म्हणजे ‘सखा नागझिरा’. आणि पुढे, आयुष्याच्या उत्तरार्धात, पुणं सोडून ते पत्नीसह साकोली तालुक्यातल्या पिटेझरीलाच राहायला आले. आपली मुलं पिटेझरीहून पुण्याला कामाच्या शोधात जातात. हे दांपत्य पुण्याहून पिटेझरीला आलं. आपल्या जिल्ह्याने या गोष्टीची पुरेशी दखल घेतलेली नाही, असं मला मनापासून वाटतं. ज्या गावाला आपण मागास म्हणून ओलांडून जातो, तिथे कुणीतरी मनातलं आयुष्य जगायला येतं, याचा अर्थ आपल्या पायाखाली काय आहे हे आपल्यालाच नीट कळलेलं नाही.

या तिघांच्या गोष्टी शेजारी ठेवल्या की एक बाब ठळक होते. तिघांपैकी कुणीही एका सकाळी उठून उडी मारलेली नाही. पुरंदरे नागझिऱ्यात आले ते पाखरांचा मोठा अभ्यास पाठीशी घेऊन. माडगूळकर आले ते माणदेशच्या माळावर पाय झिजवून. चितमपल्लींची टिपणं कित्येक वर्षं वहीतच होती.

महाराष्ट्रात इतरत्र पाहिलं तरी हेच दिसतं. नोकरीव्यवसाय सोडून ध्यासामागे जाण्याचं सर्वांत गाजलेलं मराठी उदाहरण डॉ. श्रीराम लागूंचं. कान-नाक-घशाचे सर्जन, परदेशात शिकून आलेले, आफ्रिकेत टांझानियात काम केलेले. १९६९ मध्ये बेचाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी वैद्यकी बाजूला ठेवली आणि पूर्ण वेळ रंगभूमी पत्करली. पुढच्याच वर्षाअखेर ‘नटसम्राट’ रंगमंचावर आलं आणि अप्पासाहेब बेलवलकरांच्या भूमिकेने इतिहास घडवला. ही गोष्ट सांगताना लोक १९६९ पासून सुरुवात करतात. खरं तर ती वैद्यकीय महाविद्यालयातल्या नाटकांपासून आणि पुण्यात भालबा केळकरांबरोबर उभ्या केलेल्या पीडीए या नाट्यसंस्थेपासून सुरू होते. जवळजवळ दोन दशकं ते दवाखाना सांभाळून नाटक करत होते. राजीनाम्याच्या दिवसापर्यंत ते नट म्हणून पक्के तयार झाले होते, म्हणून तो दिवस त्यांना पेलला.

कधी निर्णय आपल्या हातात राहत नाही. सालिम अली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये नोकरीला होते. बर्लिनला पक्षिशास्त्राचं प्रशिक्षण घेऊन १९३० मध्ये परतले, तर पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली. पत्नी तहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. महिनोन्‌महिने ती न्याहाळून त्यांनी सुगरणीच्या विणीवर जो निबंध लिहिला, त्यातून त्यांचं नाव पक्षिशास्त्रज्ञांत झालं. त्या काळात तहमिनाबाईंनी धीर सोडला असता तर भारतीय पक्षिशास्त्राचा इतिहास वेगळा झाला असता. एकाचं धाडस हे नेहमी दोघांचं असतं आणि बहुतेक वेळा दुसऱ्याचं नाव मुखपृष्ठावर येत नाही. आज महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. पहिला दिवस चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा सालिम अलींच्या.

हे झालं नामवंतांचं. पण आपल्या झाडीपट्टीत चौथी वाट फार पूर्वीपासून मळलेली आहे आणि ती चालणाऱ्यांची नावं कुठल्या कोशात नाहीत. दिवाळी झाली, धान कापून झालं की गावोगावी मंडई भरते. दंडार रंगते, रात्रभर नाटकं चालतात. त्या रंगमंचावर राजा होणारा माणूस पावसाळ्यात चिखलात रोवणी करत असतो. तबला वाजवणारा कुठे शिक्षक असतो, कुठे सुतार. हंगाम संपला की तो पुन्हा आपल्या कामावर. काहींनी हळूहळू तालीम वाढवली, मंडळ्या धरल्या आणि एक दिवस नाटक हेच पोट भरण्याचं साधन केलं. शेतीच्या वेळापत्रकातच कलेची जागा राखून ठेवणारी ही व्यवस्था आपल्या लोकांनी स्वतः घडवली आहे. ‘छंद जोपासायला सवड कुठे आहे?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी मंडईतल्या रात्री त्या कलावंतांना पाहावं.

अर्धशतकाचा हा हिशेब मांडल्यावर माझं मत स्पष्ट झालं आहे. धाडस राजीनाम्याच्या कागदावर जन्माला येत नाही. ते आधीच्या वर्षांत, पहाटेच्या तासाभरात, राखून ठेवलेल्या रजेत, न छापलेल्या वहीत थोडं थोडं साठतं. ज्याने दहा वर्षं काहीच साठवलं नाही, त्याने केवळ साहेबावरच्या रागाने नोकरी सोडली, तर ते कंटाळ्यापासून पळणं ठरतं. आणि ज्याच्याकडे भरपूर साठलेलं आहे, घराची निदान वर्षभराची तजवीज आहे, घरच्यांची संमती आहे, तरीही तो ‘लोक काय म्हणतील’ म्हणून थांबला असेल, तर ते थांबणंही चुकीचंच आहे. हे दोन्ही प्रकार आपल्याकडे सर्रास घडतात.

म्हणून नोकरीत गुदमरणाऱ्या तरुण मित्रमैत्रिणींना सांगणं एवढंच: आधी रोजचा एक तास आपल्या ध्यासाच्या नावे करा आणि तो वर्षभर मोडू देऊ नका. वर्षानंतरही ओढ टिकली, वाढली, तर पुढची पायरी आपोआप दिसेल. आणि भंडारा, साकोली, लाखनी, तुमसर, पवनीच्या आईवडिलांना विनंती: पोरानं किंवा पोरीनं एखाद्या दिवशी ‘मला हे काम नाही, ते करायचं आहे’ असं सांगितलं, तर लगेच नकार देऊ नका. आधी विचारा, आजवर त्यासाठी काय केलंस? उत्तरात वह्या, तालमी, चित्रं, पायपीट निघाली, तर त्या लेकराच्या पाठीशी उभे राहा.