हुद्दा मोठा, हत्यार अनोळखी

मुळशी तालुक्यातील जांबे गावाच्या एका अंगाला मारुंजी-हिंजवडी, तर दुसऱ्या अंगाला पुनावळेमार्गे पिंपरी-चिंचवडची औद्योगिक वसाहत. या पट्ट्यातील असंख्य कुटुंबांची चूल लेथ, प्रेस किंवा संगणकाच्या भरवशावर पेटते. अशा ठिकाणी वरिष्ठ अधिकाऱ्याला कामाची तांत्रिक जाण नसेल तर नुकसान कोणाचे होते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

एक साधे उदाहरण घेऊ. लेथवर शाफ्टचे काम चालले आहे. माल लवकर हवा म्हणून साहेब फीड दुप्पट करायला सांगतात. वेळ वाचतो खरा. परंतु हत्याराच्या टोकामुळे जॉबवर उमटणाऱ्या रेषांची खोली हिशेबाने चौपट होते. त्यात माप 0.02 मिलिमीटरच्या आत राखायचे, म्हणजे माणसाच्या केसाहूनही बारीक फरक सांभाळायचा. संध्याकाळी रिजेक्शनचा ढीग पडतो आणि मेमो मात्र टर्नरच्या हाती येतो.

येथे निदान लोखंडच वाया जाते. पॉवर प्रेसवर हात जातो. दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायची बटणे असतात ती हात डायखाली राहू नयेत म्हणून. उत्पादन वाढवण्यासाठी त्यातील एक बटण बांधून ठेवायला सांगणाऱ्याला ते कशासाठी आहे हेच ठाऊक नसते, किंवा ठाऊक असूनही त्याची पर्वा नसते. कामगाराची बोटे मात्र परत येत नाहीत.

तारखेच्या घाईचा धडा पुणे जिल्ह्याने फार महाग घेतला आहे. पानशेत धरणाचे काम अपुरे असतानाच पावसाळ्याचे पाणी अडवले गेले आणि 12 जुलै 1961 रोजी धरण फुटले. पाठोपाठ खडकवासल्याचेही धरण गेले व पुणे शहर पाण्याखाली आले. वेळापत्रक कागदावर पुढे ओढता येते, माती आणि काँक्रीट त्याला जुमानत नाहीत.

याउलट उदाहरणही आपल्याच महाराष्ट्रातले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत यांत्रिक रेखाचित्रे शिकवत. पुढे बेळगावला त्यांनी सायकलींचे दुकान चालवले, नंतर लोखंडी नांगर बनवला. सुरुवातीला शेतकरी तो घेईनात, तरी नांगरात सुधारणा करत ते टिकून राहिले. 1910 साली किर्लोस्करवाडी वसवणारा हा मालक यंत्राशी स्वतः झटलेला होता.

प्रत्येक व्यवस्थापकाला लेथ चालवता आलाच पाहिजे, असे आमचे म्हणणे नाही. उत्तम फिटर उत्तम व्यवस्थापक होईलच असेही नाही. हिशेब, बाजार आणि माणसे सांभाळणे हीदेखील विद्याच आहे. मात्र ड्रॉइंग वाचता यावे, मापाचा अर्थ कळावा आणि न कळल्यास जुन्या सेटरला विचारण्याची लाज वाटू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे.

छोटे कारखानदार असलेल्या वाचकांना आमची सूचना आहे की, सुपरवायझर नेमताना पदवीबरोबरच त्याला आठवडाभर यंत्रावर उभे करून पाहा. माल अडवण्याचा अधिकार तपासनीसाला द्या आणि तो वापरल्याबद्दल त्याला बोल लावू नका. तरुणांनीही आयटीआय किंवा पदविकेनंतर खुर्चीची घाई करू नये. मायक्रोमीटर हाताळलेल्या माणसाचा शब्द कारखान्यात वेगळ्याच वजनाने ऐकला जातो.