काडेपेटीची कड

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा पात्राबाहेर आल्या, तेव्हा सांगली-कोल्हापूरच्या पेठांतील अनेक कुटुंबांना वरच्या मजल्यावर दिवस काढावे लागले. अशा वेळी दागिने, वह्या, औषधे, मेणबत्त्या सारे वर नेले जाते. काडेपेटी मात्र खालच्या ओट्यावरच राहते. गॅसचा लायटर आहे ना, असे कोणी म्हणेल. त्याची ठिणगी बर्नर पेटवते, मेणबत्तीची वात नव्हे. आणि सिलिंडर संपला की त्याचा उपयोगही संपला.

काड्या कोरड्या राखल्या की काम झाले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः नाजूक असते ती पेटीची कड. काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असते, तर तांबडा फॉस्फरस असतो कडेवर. १८४४ मध्ये स्वीडनच्या गुस्ताफ एरिक पाश या रसायनशास्त्रज्ञाने ही फारकत केली, म्हणूनच आपली काडी भिंतीवर घासून पेटत नाही. कड भिजून उखडली, तर पन्नास कोरड्या काड्याही निरुपयोगी ठरतात. भिजलेल्या काडीचीही फारशी आशा धरू नये. क्लोरेट पाण्यात विरघळते आणि वाळल्यावर गुल भुगा होऊन गळते.

१ डिसेंबर २०२१ पासून एक रुपयाची पेटी दोन रुपयांची झाली. तरीही घरातील याहून स्वस्त विमा सांगता येणार नाही! संकटकाळासाठी लाकडी काडीच घ्यावी. मेणकाडी उन्हाळ्यात मऊ पडते, ओल्या हातात वाकते. पेटी उघडून गुले भरीव आहेत ना, कड कोरी आहे ना, हे पाहावे. किराणा दुकानदाराला हेही ठाऊक असते, की मिठाच्या पोत्याशेजारी काडेपेट्यांची थप्पी लावू नये. मीठ हवेतला ओलावा ओढते.

दोन-तीन अखंड पेट्या फिरकीच्या झाकणाच्या बरणीत, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह ठेवाव्यात. सुट्या काड्या ठेवायच्याच असतील, तर गुले एका बाजूस असावीत आणि कापलेली कड कागदात गुंडाळून वेगळी ठेवावी. एकत्र घासल्यास बरणीतच भडका उडेल. एक बरणी माळ्यावर, दुसरी तातडीच्या पिशवीत, दोन्ही मुलांच्या हाताबाहेर. दरवर्षी मृगापूर्वी एक काडी ओढून पाहावी, जुन्या पेट्या स्वयंपाकघरात काढाव्यात आणि बरणीत नव्या भराव्यात. जुना माल आधी, हा दुकानाचा नियम इथेही चालतो.

पूर ओसरल्यावर बंद घरात शिरताना मात्र ही बरणी उघडू नये. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचून राहतो. आधी दारे-खिडक्या उघडाव्यात, सिलिंडरची कळ बंद आहे का ते पाहावे, वास पूर्ण जाऊ द्यावा. तोवर उजेडासाठी विजेरी पुरेशी आहे, आणि तीही दाराबाहेरच लावून आत न्यावी.