वरचा मजला रात्रीही का तापतो?

मागच्या वेळी आपण भिंतींबद्दल बोललो, आज छपराकडे बघू. नागपूरचं एखादं दुमजली घर घ्या. मे महिना, रात्रीचे दहा. खाली निदान बसवतं तरी. वर गादीसुद्धा गरम. लोक म्हणतात, गरम हवा वर जाते म्हणून. खरं आहे, पण अर्धंच. मुख्य कारण डोक्यावर आहे: स्लॅब. पाच-सहा इंचांचं काँक्रीट दिवसभर तापतं आणि ती उष्णता रात्री उशिरापर्यंत खोलीत सोडत राहतं. पंखा लावलात, तर तो वरचीच गरम हवा अंगावर ढकलतो.

मग करायचं काय? आधी ऊन अडवा. मार्चमध्येच गच्चीला पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्या. पांढरा रंग बरंचसं ऊन परतवतो. दुसरं, रात्री बाहेर गार झालं की खालच्या खिडक्या आणि गच्चीच्या जिन्याचं जाळीचं दार उघडं ठेवा. गरम हवा वरून निघते, गार हवा खालून येते. ऊन चढायच्या आत सगळं बंद. एसी एकच असेल, तर तो वर लावा. गार हवा जड असते, खालून वर चढत नाही.

आणि हे सगळं होईपर्यंत घरातल्या म्हाताऱ्यांना, तान्ह्या बाळांना खालीच झोपवा. रात्रीचा उकाडा त्यांना सोसत नाही.